दत्तोबांनी भांडं उचललं

आमच्या नारायण पेठ विचारसभेत दर शनिवारी संध्याकाळी माणसं एकमेकांचं म्हणणं ऐकायला जमतात, असं संस्थेच्या पत्रकावर छापलेलं होतं. प्रत्यक्षात प्रत्येक जण आपली पाळी कधी येते याची वाट बघत दुसऱ्याचं बोलणं सोसत असे. पुण्यात वक्त्यांचा तुटवडा कधीच नव्हता, तुटवडा श्रोत्यांचा. अशा ठिकाणी खरी सत्ता वेळ राखणाऱ्याच्या हाती असते. आणि वेळ राखत असत आमचे शिपाई दत्तोबा.

त्यांचं आडनाव मला पहिली बारा वर्षं माहीत नव्हतं. शिपायाला आडनाव लागतं कशाला, असा आम्हा लोकशाहीवाद्यांचा समज होता. दत्तोबा येरवड्याच्या गावठाणात राहत. शहर वाढत गेलं तशी घरची जमीन गेली. राहिलं दोन खोल्यांचं घर आणि दारात एक म्हैस. रोज सायकलवरून नदी ओलांडून ते पेठेत येत, संस्थेचं वाचनालय उघडत, वर्तमानपत्रं मांडत, खुर्च्या पुसत. शिक्षण चौथीपर्यंत. पण शनिवारी ते व्यासपीठाच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसले, समोर टेबलावरचं घड्याळ आणि हाताशी पितळी घंटा ठेवली, की वकील, डॉक्टर, प्राध्यापक सगळे त्यांच्या हाताकडे चोरून बघत बोलत.

नियम साधा होता. वेळ संपायला एक मिनिट राहिलं की एक टोला, वेळ संपली की दोन. दोन टोल्यांनंतरही वक्ता थांबला नाही, तर दत्तोबा मनातल्या मनात साठ आकडे मोजत, उठत, व्यासपीठावर जात आणि वक्त्यापुढचं पाण्याचं भांडं उचलून मोरीत नेऊन ठेवत. भांडं उचललं की भाषण संपलं. पुढचा एक शब्दही इतिवृत्तात घ्यायचा नाही, श्रोत्यांनी ऐकायचा नाही, खुशाल चपला शोधायला लागायचं. पेठेत त्याची म्हण झाली होती. एखाद्या सासूबाईंचं घरात चालेनासं झालं की बायका म्हणत, "त्यांचं भांडं उचललं हो आता."

इतक्या वर्षांत भांडं उचलायची वेळ पाचदाच आली. त्यातल्या शेवटच्या दोन वेळांचं मला सांगायचं आहे.

ही पद्धत पाडली आप्पासाहेब रिसबूड वकिलांनी. संस्थेची घटना त्यांनीच त्रेपन्न साली लिहिली, ऐन तरुणपणी. अध्यक्ष तीन वर्षांसाठी, लागोपाठ दोनदा, तिसऱ्यांदा नाही. हे कलम बदलायचं तर हजर सभासदांपैकी दोन-तृतीयांश हात वर हवेत. "माणूस फार दिवस खुर्चीत बसला की खुर्चीला त्याचाच खळगा पडतो," असं ते म्हणत. पुढच्या वर्षी दत्तोबांना कामावर घेतलं तेव्हा त्यांच्या हातात घंटा देऊन आप्पासाहेब भर सभेत म्हणाले होते, "माझा बाप बोलत असला तरी वाजव. मी बोलत असलो तरी वाजव." लोकांनी टाळ्या दिल्या. पुण्यात अशा वाक्याला टाळ्या मिळतात. ते वाक्य कुणी मनावर घेईल अशी अपेक्षा नसते. दत्तोबांनी ते मनावर घेतलं.

आप्पासाहेब स्वतः अध्यक्ष झाले सत्तर साली. काम उत्तम केलं, हे मी त्यांच्यावर राग असूनही सांगतो. वाचनालयाला वरचा मजला त्यांच्यामुळे चढला. शहात्तरच्या मार्चमध्ये त्यांची सहा वर्षं संपत होती. आणीबाणी लागून नऊ महिने झाले होते. लोकसभेचीच मुदत एका वर्षाने वाढली होती. आप्पासाहेबांनी वार्षिक सभेच्या पत्रिकेत एक ठराव घातला: देशातली असाधारण परिस्थिती पाहता विद्यमान अध्यक्षांची मुदत एक वर्षाने वाढवावी.

सभेला पोलिसांची परवानगी काढावी लागली. ती मिळाली साडेपाच ते सात. सातनंतर एकही माणूस दालनात राहता कामा नये. आणि घटनेप्रमाणे मतदान झालं नाही तर जुने पदाधिकारी पुढच्या सभेपर्यंत तसेच राहणार. पुढची सभा कधी? परवानगी मिळेल तेव्हा. म्हणजे आप्पासाहेबांना ठराव जिंकायची गरजच नव्हती. सातपर्यंत बोलत राहिलं की झालं. हा हिशेब मला चार वाजता कळला.

मी त्या दिवशी लवकर आलो होतो. मी तेव्हा मिलिटरी अकाउंट्समध्ये वरिष्ठ कारकून. अनंत नावाचा कॉलेजात नुकताच शिकवायला लागलेला एक तरुण सभासद ठरावाला विरोध करणार होता आणि त्याला अनुमोदन द्यायचं मी कबूल केलं होतं. पुस्तकांच्या कपाटामागे उभा राहून मी माझी चार वाक्यं पाठ करत होतो. तेवढ्यात आप्पासाहेबांचा आवाज आला.

"दत्तोबा, आज माझ्या उत्तराच्या वेळी घंटेला विश्रांती दे."

दत्तोबा खुर्च्या पुसत होते. "किती वेळ जी?"

"सातपर्यंत."

"उत्तराला पाच मिन्टं हायेत, सायेब."

"मीच लिहिलाय तो नियम, मला शिकवू नकोस." मग आवाज एकदम गोड झाला. "विजयमाला कशी आहे? जूनमध्ये तिच्या कायम होण्याचा कागद आमच्या शाळा समितीपुढे येईल. पोरगी हुशार आहे. तिचं नुकसान होऊ नये असं मला फार वाटतं."

विजयमाला दत्तोबांची एकुलती एक मुलगी. आप्पासाहेब ज्या शाळेच्या समितीवर होते तिथे ती दोन वर्षं तात्पुरती शिक्षिका होती. दत्तोबांच्या सात पिढ्यांत पहिली मॅट्रिक झालेली बाई. तिच्या फीसाठी एक म्हैस विकली होती, दुसरी राहिली होती.

फडका पिळल्याचा आवाज तेवढा आला.

मी कपाटामागून निघालो तेव्हा माझी चारही वाक्यं विसरलो होतो. माणसं जमू लागली तेव्हा दारातच आप्पासाहेब अनंतला भेटले. "बोला, अनंतराव, मोकळेपणाने बोला. मागच्या खुर्चीवर साध्या कपड्यातले एक पाहुणे आहेत, ते सगळं लिहून घेतील. फारच रंगलात तर दत्तोबांचे शेजारी व्हाल." येरवड्याचा तुरुंग त्या दिवसांत कुणाकुणाने भरला होता, हे पेठेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दोघे-तिघे हसले. मीही हसलो, आणि ते हसू मला आजही बोचतं. मग अनंतला बाजूला घेऊन मी सांगितलं की माझा घसा बसला आहे. तो माझ्या घशाकडे नाही, डोळ्यांकडे बघत होता.

सभेला अठ्ठावन्न सभासद. पंखे फिरत होते तरी सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटलेले. शेवटच्या रांगेत तो पाहुणा, मांडीवर वही. बायकांच्या बाकावर कोपऱ्यात विजयमाला बसलेली. शनिवारी ती वडिलांबरोबर घरी जायला म्हणून येत असे. वर्षभराचे अहवाल वाचता वाचताच सव्वासहा झाले.

आप्पासाहेबांनी ठराव मांडला. आवाज भारदस्त, वाक्यं घोटीव. "लोकशाही हवीच. पण किती? मिठाइतकी की भाताइतकी? सगळंच मतांनी ठरवायचं तर उद्या रोग्याचं औषधही हात वर करून ठरवाल. ऐन पंगतीत कुणी आचारी बदलत नाही." घंटा व्हायच्या आतच ते बसले. शहाणा माणूस. दत्तोबांना आधीच कशाला वाजवायला लावायचं?

अनंत उठला. त्याच्या हातातला कागद हलत होता. "औषध वैद्यानेच ठरवावं," तो म्हणाला, "पण वैद्य कोण, हे रोग्याने ठरवावं. आणि आप्पासाहेब, पंगत सहा वर्षं चाललीय. आता आचाऱ्यालाही जेवू द्या." कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला. पाहुणा लिहीत होता. अनुमोदन कोण देतंय, असं विचारल्यावर कुणीच उठेना. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो. शेवटी एक ऐंशी वर्षांचे निवृत्त मास्तर काठीवर उठून "माझं आहे" म्हणाले आणि बसले. त्यांच्याकडून हिरावून घ्यायला आता काही उरलं नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सहा बत्तीसला आप्पासाहेब उत्तराला उभे राहिले.

चार मिनिटं झाली. दत्तोबांचा हात घंटेवर होता. सगळ्या दालनाला कळलं की काहीतरी आहे, कारण हात नुसता घंटेवर होता, उचलत नव्हता. आप्पासाहेब संस्थेचा इतिहास सांगत होते, अजून पंचावन्न सालातच होते. मग एक टोला पडला. आप्पासाहेबांनी मान न वळवता बोलणं चालू ठेवलं, फक्त भुवई थोडी वर गेली. सहा सदतीस. दत्तोबांनी मागे वळून मुलीकडे पाहिलं. ती बापाकडे नाही, घड्याळाकडे बघत होती.

दोन टोले पडले.

"दत्तोबा," आप्पासाहेब हसत म्हणाले, "तुझं घड्याळ पुढे आहे." आणि पुन्हा पंचावन्न सालात गेले.

आता साठ आकडे. मीही मोजायला लागलो, आणि मला वाटतं सगळेच मोजत होते. चाळीसला मी मनात म्हणालो, नका उठू दत्तोबा, आम्ही त्या लायकीचे नाही. पन्नासला म्हणालो, उठा. दोन्ही मी मनापासून म्हणालो. साठला दत्तोबा उठले. व्यासपीठाच्या दोन पायऱ्या चढताना त्यांनी टेबलाच्या कडेचा आधार घेतला, एरवी कधी घेत नसत. त्यांनी आप्पासाहेबांपुढचं भांडं उचललं. पाणी हिंदकळून त्यांच्या मनगटावर सांडलं. मग आमच्या सगळ्यांमधून, त्या वहीवाल्या पाहुण्याच्या अंगावरून, ते भांडं घेऊन मोरीकडे गेले.

आप्पासाहेब आणखी दोन वाक्यं बोलले. कुणीतरी चपला शोधायला लागलं. ते थांबले.

मतदान झालं. एकोणचाळीस हात हवे होते, एकतीस आले. मी दोन्ही वेळा हात मांडीवर ठेवून बसलो होतो. पावणेसातला प्रश्न उभा राहिला, आता अध्यक्ष कोण? अनंतचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती. दोन्ही बाजूंना चालेल असा माणूस हवा होता, आणि ज्याने तोंड उघडलेलं नसतं तो नेहमी सगळ्यांना चालतो. अशा रीतीने मी अध्यक्ष झालो.

जिन्यातून उतरताना मी पाहिलं, दत्तोबा तेच भांडं पुन्हा भरून आप्पासाहेबांच्या मागे रस्त्यापर्यंत गेले होते. "सायेब, पानी." आप्पासाहेबांनी हाताच्या फटक्याने ते उडवलं. भांडं गटाराच्या कडेपर्यंत घरंगळत गेलं. दत्तोबांनी ते उचललं, धोतराच्या सोग्याने पुसलं. मला वाटलं, माफी मागायला गेले असतील. मला त्यांची कीव आली. माझी मजल तेवढीच होती.

जूनमध्ये विजयमालेला शाळेतून कमी केलं. ती महिनाभर बापाशी बोलली नाही. एकदा मला म्हणाली, "नोकरी माझी गेली, नाव बाबांचं झालं." दत्तोबा येत, खुर्च्या पुसत, शनिवारी घंटा वाजवत. सत्त्याहत्तरच्या निवडणुका झाल्या आणि आणीबाणीत आपण कसे लढलो हे सांगणाऱ्या वक्त्यांची रीघ लागली. त्यांनाही दहाव्या मिनिटाला दोन टोले. मीही दोन-तीन ठिकाणी त्या सभेची गोष्ट सांगितली. सांगता सांगता माझा हात कधी मांडीवरून वर गेला, मलाच कळलं नाही.

एक चांगलं काम मात्र मी केलं. आमच्या वाचनालयात ग्रंथपालाची जागा निघाली, ती विजयमालेला दिली. तात्पुरती. तिने पुस्तकांना अशी शिस्त लावली की सभासद घाबरून वेळेवर पुस्तकं परत करू लागले.

ब्याऐंशीचा मार्च आला. माझी सहा वर्षं भरत आली होती. पुढच्या वर्षी संस्थेला तीस वर्षं होणार होती, सोहळा ठरला होता, स्मरणिका माझ्या टेबलावर अर्धी पडली होती. लोकच म्हणायला लागले, "दीनानाथराव, एवढं वर्ष तुम्हीच राहा." लोक म्हणजे दोघे जण, आणि त्यातला एक माझा मेव्हणा. पण मला ते लोकमत वाटलं. आणि आप्पासाहेबांसारखं नव्हतं हो माझं! मी काही आणीबाणीच्या आडोशाने मागत नव्हतो. पोलीस नव्हते, वहीवाला पाहुणा नव्हता. मला फक्त माझी बाजू नीट मांडायला थोडा जास्त वेळ हवा होता. कलम बदलायचा ठराव मी पत्रिकेत घातला.

सभेच्या आधी दत्तोबा खुर्च्या पुसत होते. पासष्टीला आले होते, पाठीत वाकले होते.

"दत्तोबा," मी म्हणालो, "आज उत्तराच्या वेळी जरा हात राखून हं."

त्यांनी वर पाहिलं. "किती राखू जी?"

"दहा-पंधरा मिनिटं. आणि हो, विजयमालेला कायम करायचा कागद तयार आहे. माझ्या खिशातच आहे, फक्त सही राहिलीय. सभा झाली की करून टाकू. तू काळजी करू नकोस."

वीस वर्षांत मी दत्तोबांना 'तू' म्हणालो नव्हतो. हे माझ्या लक्षातही आलं नाही. दत्तोबांच्या आलं असावं. फडका पिळल्याचा आवाज आला, आणि तो आवाज मी आधी कुठे ऐकला आहे, तेही मला त्या क्षणी आठवलं नाही. माणूस स्वतःच्या बाबतीत इतका बहिरा होऊ शकतो.

ठराव मांडला. अनंतने विरोध केला. आता त्याचे केस विरळ झाले होते आणि हातातला कागद हलत नव्हता. मी उत्तराला उभा राहिलो. बोलणं रंगलं होतं. एक टोला पडला, तेव्हा मी दत्तोबांकडे बघून ओळखीचं हसलो. दोन टोले पडले. मला राग आला, खरंच राग आला. एवढं केलं याच्या मुलीसाठी! मी आवाज चढवला. "माझ्या हातून ही स्मरणिका पुरी व्हावी, एवढीच माझी—"

समोरच्या रांगेतल्या माणसांचे ओठ हलताना दिसले. ते मोजत होते.

मी थांबू शकलो असतो. साठ आकडे म्हणजे भरपूर वेळ असतो. दाराशी विजयमाला उभी होती आणि ती पुन्हा घड्याळाकडे बघत होती. मी बोलतच राहिलो. दत्तोबा पायऱ्या चढले, माझ्या पुढ्यातलं भांडं उचललं. या वेळी पाणी सांडलं नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

माझ्या बाजूने अकरा हात आले. पाच मिनिटांत अनंत अध्यक्ष झाला, टाळ्या झाल्या. मी कुणाशी न बोलता जिना उतरलो. खाली रस्त्यावर आल्यावर धोतराची गाठ घट्ट करायला हात घातला, तो सदऱ्याच्या खिशातल्या कागदाला लागला. विजयमालेच्या नेमणुकीचा कागद. तीन महिने तो माझ्याकडे सहीविना पडून होता. कुठल्याही दिवशी मी सही करू शकलो असतो. का केली नाही, हे मला तिथे, रस्त्यावर उभं राहून पहिल्यांदा कळलं, आणि मला स्वतःची शिसारी आली. आता सही करायचा मला अधिकार उरला नव्हता.

मागून पावलं वाजली. दत्तोबा जिना उतरून येत होते, हातात भांडं. घाईने आल्यामुळे धाप लागली होती.

"दत्तोबा, तुम्ही... हा कागद..." मी तो पुढे केला.

त्यांनी कागदाकडे पाहिलं. तो काय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. व्यासपीठाची पायरी चढतानाही ठाऊक होतं. "नव्या अध्यक्षांम्होरं ठेवा जी," ते म्हणाले. "करतील, न्हाई करतील. आता त्यांची मुदत हाय."

मग त्यांनी भांडं माझ्यापुढे धरलं.

"पानी घ्या, सायेब. लई वेळ बोललात. वर बोलणाऱ्याचं भांडं उचलायचं असतंय. खाली उतरल्यावर तहानलेल्याला पानी द्यायचंच असतंय. त्या सायबांनी घेतलं न्हाई तवा."

मी भांडं दोन्ही हातांनी घेतलं. त्याच्या काठाला एक जुना पोचा होता, गटाराच्या दगडावर आपटून पडलेला. तो ओठांना लागू नये म्हणून मी भांडं जरा फिरवून घेतलं आणि सगळं पाणी प्यायलो. मग त्यांच्याबरोबर पुन्हा जिना चढलो, कागद अनंतच्या टेबलावर ठेवला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसलो.